न चिरलेलं बोंड : तुर्कस्तानची अफूबंदी आणि तिच्यातून निघालेली वाट

खसखशीच्या फुलाच्या पाकळ्या गळाल्या की देठावर एक हिरवं, टणक बोंड उरतं. भारतात या बोंडाला अनेक टोकांच्या हत्याराने उभ्या चिरा देतात, त्याही काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या पठारावरचा शेतकरी हेच काम वेगळ्या पद्धतीने करायचा. छोट्या सुरीने बोंडाच्या कमरेभोवती एकच आडवी रेघ. तीही बेताची, खोल गेली तर चीक आत झिरपतो आणि बी खराब होतं, वरवर राहिली तर काहीच हाती लागत नाही. रात्रभरात पांढरा चीक बाहेर येऊन तपकिरी होई. सकाळी तो खरवडायचा आणि खसखशीच्याच पानात गुंडाळून ठेवायचा. ही अफू.

पुढे जे सांगायचं आहे ते सगळं या एका रेघेभोवती फिरतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आग्रहावरून तुर्कस्तानने हे पीकच बंद करायचं ठरवलं. १९७४ मध्ये ते पुन्हा सुरू केलं, दोन मित्रदेशांत कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या भांडणातून एक साधा नियम निघाला: पीक घ्या, बोंड चिरू नका. ज्या कराराचा आंतरराष्ट्रीय सहकार्याचा नमुना म्हणून गाजावाजा झाला तो तीन वर्षांत मोडला. नाइलाजाने केलेली तडजोड पन्नास वर्षं टिकून आहे.

गळती कुठून होत होती

पश्चिम अनातोलियातल्या ज्या शहराभोवती हे पीक एकवटलं होतं त्याचं नावच अफ्योनकाराहिसार. काराहिसार म्हणजे काळा किल्ला, आणि अफ्योन म्हणजे अफू. आपला आणि त्यांचा शब्द एकाच घराण्यातला; ग्रीक 'ओपियॉन' अरबीत 'अफ्यून' होऊन दोन्हीकडे पोचला.

अफूचं पीक म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फक्त चीक येतो. तिथल्या घरात तो हिशेबातला एक रकाना होता. बियांचं तेल काढून स्वयंपाकात वापरायचं. बी वाटून त्याचा लगदा पावात भरायचा. कोवळी पानं कच्चीच खायची. तेल काढून उरलेली पेंड म्हशींना घालायची. अफ्योनची जाड साय तुर्कस्तानभर नावाजलेली आहे ती या पेंडीवर पोसलेल्या म्हशींच्या दुधाची. वाळलेले देठ चुलीत. चिकाचे पैसे हे बहुतेक घरांत हातात पडणारे रोख पैसे, लग्नकार्याला आणि कर्जफेडीला उपयोगी पडणारे. हे पीक घेणारी कुटुंबं लाखाच्या घरात होती.

चीक विकत घ्यायचा अधिकार फक्त सरकारी खरेदी संस्थेला होता. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं नाव 'तोप्राक मह्सुल्लेरी ओफिसी'. (यातला 'महसूल' ओळखीचा वाटेल. तुर्कीत त्याचा अर्थ पीक असाच राहिला, मराठीत येईपर्यंत तो सरकारी वसुलीचा झाला.) धान्य आणि अफू दोन्ही हीच संस्था घ्यायची.

१९६१ च्या अमली पदार्थांविषयीच्या एकल करारात सगळ्या उत्पादक देशांसाठी हीच व्यवस्था सांगितली होती. सरकारी संस्था हवी, शेतकऱ्याला परवाना हवा, सगळं उत्पादन संस्थेच्या ताब्यात यायला हवं, तेही कापणी संपल्यापासून चार महिन्यांच्या आत. तुर्कस्तान १९६७ मध्ये या करारात सामील झाला. संस्था होतीच. शेतकऱ्याच्या परवान्याचा कायदा मात्र संसदेत रखडला होता. मंजूर प्रांतात जमीन आहे आणि पेरणीची नोंद केली आहे, एवढं पुरे होतं.

कायदा असता तरी मूळ अडचण सुटली नसती. एका शेतातून चीक किती निघेल हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. थंडी लांबली, चिरा दिल्यावर पाऊस आला, मजूर उशिरा मिळाले, की उत्पादन घसरतं. शेतकरी म्हणाला यंदा एवढाच निघाला, तर अधिकारी काय सिद्ध करणार? राहिलेला गोळा डब्यात घालून पुरला तरी वर्षानुवर्षं टिकतो. साधारण दहा किलो अफूतून एक किलो मॉर्फिन निघतं आणि त्यापासून जवळपास तेवढंच हेरॉइन बनतं. म्हणजे ज्याची किंमत परदेशात कैक पटींनी वाढणार आहे असा माल एका खुंटीला टांगलेल्या पिशवीत मावतो. सरकारी भावापेक्षा जास्त देणारा दलाल दाराशी येत होता. शेतकऱ्याला हेरॉइनशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो दुसरा गिऱ्हाईक होता, एवढंच.

दलालाकडून माल मॉर्फिन बेसच्या, म्हणजे अफूतून काढलेल्या कच्च्या मॉर्फिनच्या, रूपात समुद्रमार्गे किंवा ट्रकमधून फ्रान्समधल्या मार्सेयला पोचायचा. त्या बंदराच्या आसपासच्या छुप्या प्रयोगशाळांत त्याचं शुद्ध पांढरं हेरॉइन व्हायचं आणि ते न्यूयॉर्कला जायचं. 'फ्रेंच कनेक्शन' या नावाने जी साखळी जगाला माहीत झाली ती हीच.

वॉशिंग्टनला घाई होती

१७ जून १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांचं व्यसन हा अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचं जाहीर केलं. व्हिएतनाममधले सैनिक हेरॉइन ओढताहेत अशा बातम्या येत होत्या, शहरांतली गुन्हेगारी वाढली होती आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. त्या काळात अमेरिकी अधिकारी एक आकडा सारखा वापरत: अमेरिकेत पोचणाऱ्या हेरॉइनपैकी ८० टक्के तुर्कस्तानच्या अफूपासून बनतं. या आकड्याखाली भक्कम मोजणी नव्हती. पण एकदा भाषणात शिरलेला आकडा तिथून हलत नाही, आणि धोरण त्याच्याभोवतीच बांधलं गेलं.

तुर्कस्तान 'नाटो'चा सदस्य होता, त्याला लष्करी मदत मिळत होती, त्यामुळे दबाव टाकायला जागा होती. ब्रह्मदेशाच्या डोंगरांत किंवा अफगाणिस्तानच्या खोऱ्यांत तशी जागा नव्हती. माझ्या मते तुर्कस्तानची निवड होण्यात या गोष्टीचा वाटा ८० टक्क्यांच्या आकड्याइतकाच मोठा होता. जिथे सांगितलेलं ऐकलं जाईल तिथे आधी सांगायचं, हा राजनयाचा जुना स्वभाव आहे.

पंतप्रधान सुलेमान देमिरेल यांच्या सरकारने संपूर्ण बंदीला नकार दिला होता. त्यांची वाट आस्ते कदम होती: पीक घेणाऱ्या प्रांतांची संख्या दर वर्षी कमी करायची. १९६७ मध्ये अशा प्रांतांची संख्या २१ होती, १९७१ पर्यंत ती ७ वर आली. मतदार शेतकरी असलेल्या देशात याहून वेगाने जाणं कोणत्याही निवडून आलेल्या सरकारला परवडलं नसतं. मग १२ मार्च १९७१ रोजी लष्कराने सरकारला निर्वाणीचा खलिता पाठवला, देमिरेल पायउतार झाले आणि लष्कराच्या पसंतीचे निहात एरिम पंतप्रधान झाले. ३० जून १९७१ रोजी, म्हणजे निक्सन यांच्या त्या घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत, एरिम यांनी अफूबंदी जाहीर केली. १९७२ चा हंगाम चार प्रांतांपुरता होऊ द्यायचा, त्या शरद ऋतूपासून पेरणी पूर्ण बंद. बदल्यात अमेरिकेने सुमारे साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. त्यातला काही भाग बुडणाऱ्या परकीय चलनापोटी आणि बाकीचा शेतकऱ्यांना दुसरं उत्पन्न उभं करून देण्यासाठी.

तारखा एकाखाली एक ठेवून पाहिल्या की लक्षात येतं की ज्या सरकारने सही केली त्याला मतदारांपुढे जायचंच नव्हतं. कराराचं आयुष्य तिथेच ठरलं.

शेजारी इराणची गोष्टही अंकाराला, म्हणजे तुर्की सरकारला, ठाऊक होती. इराणने १९५५ मध्ये अफूची लागवड बंद केली. देशातले व्यसनी काही कमी झाले नाहीत; शेजारच्या देशांतून चोरटा माल येऊ लागला आणि त्यापायी देशातलं सोनं बाहेर जाऊ लागलं. वैतागून इराणने १९६९ मध्ये सरकारी देखरेखीखाली लागवड पुन्हा सुरू केली. शेजाऱ्यांनी थांबवली तर आम्हीही थांबवू, अशी त्यांची भूमिका होती. एकट्या देशाने केलेल्या बंदीचं काय होतं, याचा हा दाखला ताजाच होता.

बंदीचे दोन हंगाम

भरपाई कोणाला किती द्यायची? उपलब्ध कागद एकच होता: आधीच्या वर्षांत सरकारी संस्थेला कोणी किती चीक विकला त्याची नोंद. म्हणजे दलालाला चोरून विकणाऱ्याला त्या भागाची भरपाई मिळाली नाही हे ठीकच, पण ज्याच्या घरी बी, तेल, पेंड आणि सरपण यांचा मोठा आधार होता त्यालाही त्याबद्दल काही मिळालं नाही. चीक सोडून बाकी सगळं पीक हिशेबाबाहेर राहिलं. खेड्यातल्या बाईला आता तेल बाजारातून आणावं लागत होतं आणि म्हशीला पेंड विकत घ्यावी लागत होती. हा खर्च वॉशिंग्टनच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता.

पर्यायी पिकांचे प्रकल्प रेंगाळले. सूर्यफूल, गहू, दुभती जनावरं अशा योजना आखल्या गेल्या. पठारावरचा हिवाळा कडक, पाणी तुटपुंजं. खसखस तिथे शतकानुशतकं टिकली ती याच हवेला सरावल्यामुळे. दोन-तीन वर्षांत दुसरी शेती उभी करायची हा बेतच कागदी होता.

त्यातच बाहेरून एक विचित्र बातमी येऊ लागली. जगात कोडीन आणि मॉर्फिन या औषधांचा तुटवडा पडत होता. तुर्कस्तानची कायदेशीर अफू बाजारातून गेल्यावर कच्च्या मालाची भिस्त मुख्यतः भारतावर आली, आणि मागणी वाढतच होती. भारताने उत्पादन वाढवावं अशी विनंती अमेरिकेकडून होऊ लागली. अमेरिकेला स्वतःच्या राखीव साठ्यातली अफू औषध कंपन्यांसाठी बाहेर काढावी लागली. शिवाय अमेरिकेतच खसखशीच्या एका वेगळ्या जातीची लागवड करून कोडीनसाठी लागणारं थिबेन काढता येईल का, याची चाचपणी चालू असल्याचं १९७४ च्या सुरुवातीला उघड झालं.

अंकाराच्या वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? आम्ही पेरायचं नाही, भारताने जास्त पेरायचं, आणि तुम्ही स्वतः पेरायचा विचार करताय. अमेरिकी बाजूने याला तांत्रिक उत्तरं होती. जातीचा फरक, देखरेखीचा फरक. पण गावच्या चावडीवर तांत्रिक उत्तरं चालत नाहीत.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. बंदी उठवावी यावर जवळजवळ सगळ्या पक्षांचं एकमत होतं. इतर कोणत्याही प्रश्नावर ते नव्हतं. जानेवारी १९७४ मध्ये ब्युलेंत एजेवित यांनी नेजमेत्तिन एर्बाकान यांच्या पक्षाबरोबर सरकार बनवलं. १ जुलै १९७४ रोजी सात प्रांतांत लागवडीला पुन्हा परवानगी देणारा आदेश निघाला. यादीत अफ्योन, बुर्दुर, देनिझली, इस्पार्ता, कुताह्या, उशाक आणि कोन्याचे काही तालुके होते.

मार्सेयमध्ये काय झालं होतं

तुर्कस्तानकडे सगळ्यांचं लक्ष असताना साखळीच्या मधल्या कडीवर शांतपणे काम झालं होतं, आणि त्याचं श्रेय पुष्कळदा बंदीच्या खात्यावर मांडलं जातं.

फेब्रुवारी १९७१ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात पोलीस सहकार्याचा करार झाला. एकमेकांच्या देशात अधिकारी नेमायचे, माहिती थेट द्यायची. त्याआधीची कित्येक वर्षं फ्रान्सला हा अमेरिकेचा प्रश्न वाटत होता. फ्रेंच तरुण हेरॉइनने मरायला लागल्यावर सूर बदलला. १९७२ च्या सुरुवातीला मार्सेयजवळ 'काप्रीस दे तां' नावाची मासेमारी नौका अडवली गेली. तिच्यात चारशे किलोहून अधिक हेरॉइन सापडलं. त्या वर्षभरात एकामागून एक प्रयोगशाळा बंद पडल्या आणि त्यातले जाणते रसायनकार तुरुंगात गेले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९७२ च्या उत्तरार्धापासून हेरॉइनची टंचाई झाली, हे खरं आहे. पण त्याच काळात अमेरिकेत मेथाडोनचे, म्हणजे हेरॉइनची तलफ शमवणाऱ्या औषधाचे, उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाले होते. निक्सन यांनी डॉ. जेरोम जाफी यांच्याकडे व्यसनाच्या प्रश्नासाठीच्या नव्या कार्यालयाची सूत्रं दिली होती आणि उपचारांवरचा खर्च पोलिसी कारवाईवरच्या खर्चाहून जास्त होता. आज ऐकायला नवल वाटेल, पण तसं होतं. मग टंचाई कशामुळे झाली? एरिम यांच्या बंदीमुळे, मार्सेयच्या छाप्यांमुळे, की गिऱ्हाईकं दवाखान्याकडे वळल्यामुळे? बंदीआधीच्या शेवटच्या हंगामाचा चीकही अजून डब्यांत पुरलेला असणार. मला विचाराल तर मार्सेयचं पारडं जड आहे. बोंडं लाखो शेतांत असतात, तसं हेरॉइन बनवू शकणारे रसायनकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

सप्टेंबर १९७४

बंदी उठली आणि तीन आठवड्यांत, २० जुलैला, तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं. अमेरिकी काँग्रेसमध्ये दोन्ही राग एकत्र झाले. न्यूयॉर्कचे चार्ल्स रँगेल यांच्यासारखे प्रतिनिधी तुर्कस्तानची मदत तोडायची मागणी करत होतेच. त्यांच्या मतदारसंघात हेरॉइन हा रोजचा विषय होता, त्यामुळे त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये शस्त्रास्त्रबंदी लागू झाली ती सायप्रसमुळे, पण अफूने तिला वातावरण तयार करून दिलं होतं.

याच गदारोळात संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ तुर्कस्तानशी बोलत होते. बंदी परत आणा असं ते म्हणत नव्हते. त्यांनी प्रश्नच बदलला. किती चीक निघाला हे मोजता येत नाही ना? मग चीक काढूच नका. बोंड झाडावरच वाळू द्या, बी काढून घ्या, आणि वाळलेलं टरफल सरकारला विका. मॉर्फिन त्यातून काढता येतं.

यामागचं रसायन नवं नव्हतं. यानोश काबाय या हंगेरीच्या औषधनिर्मात्याने १९२० च्या दशकात हिरव्या झाडातून आणि पुढे वाळलेल्या काडापासून थेट मॉर्फिन काढायची रीत बसवली होती. चीक न काढता औषध मिळवणारा हा माणूस १९३६ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, वारला. त्याची पद्धत युरोपात अनेक कारखान्यांनी उचलली. एकल करारातही वाळलेल्या बोंडाच्या आयात-निर्यातीसाठी स्वतंत्र कलम होतं. गोष्ट हाताशी होती, १९७१ मध्ये तिच्याकडे वळून पाहायला कोणाला सवड नव्हती.

सप्टेंबर १९७४ मध्ये तुर्कस्तानने जाहीर केलं की नव्या हंगामात एकही बोंड चिरलं जाणार नाही.

या नियमाची ताकद समजायला दोन आकडे पुरेत. चिकात मॉर्फिनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वरच असतं. वाळलेल्या बोंडात ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे एक किलो मॉर्फिनसाठी तस्कराला आता दहा किलोची पिशवी नव्हे, दोनशे-तीनशे किलो पोकळ बोंडं हवीत. ती लपवायची कुठे, न्यायची कशात, आणि काढायला लागणारा कारखाना कोणत्या गोठ्यात थाटायचा? गावातल्या दलालाचा धंदा तिथेच संपला.

दुसरी गोष्ट देखरेखीची. चीक किती निघाला हे अधिकाऱ्याला दिसत नाही. चिरलेलं बोंड दिसतं. रेघ वाळल्यावरही पुसली जात नाही, तपकिरी वण म्हणून राहते. शेतातून चालत गेलं, चार बोंडं हातात फिरवून पाहिली की झालं. खरेदी केंद्रावर गोणीत वण असलेली बोंडं निघाली की चोरी पकडली गेली. ज्या नियमाचा भंग उघड्या डोळ्यांना दिसतो तो नियम गावचा मुख्तारही, म्हणजे त्यांचा पाटील, राबवू शकतो.

आणि शेतकऱ्याचं काय? चिकाचा भाव गेला, हे नुकसान खरंच होतं. पण बी राहिलं, तेल राहिलं, पेंड राहिली, देठही राहिले. चिरा देण्याच्या आणि खरवडण्याच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस पहाटेपासून वाकलेलं असायचं, ती मजुरी वाचली. बोंडाचे पैसे सरकारकडून येऊ लागले. भरपाईच्या कराराने हिशेबाबाहेर ठेवलेलं सगळं पीक या नियमाने काही न बोलता परत दिलं होतं.

१९७५ च्या उन्हाळ्यात पहिलं न चिरलेलं पीक निघालं. चोरट्या बाजाराकडे दखल घेण्याजोगी गळती सापडली नाही. आधी संतापलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनीही ते मान्य केलं, आणि आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळानेही.

गिऱ्हाईक कोण?

इथे गोष्ट संपली असं बहुतेक जण मानतात. मला पुढची सहा-सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तुर्कस्तानकडे बोंडांचे ढीग होते आणि त्यातून मॉर्फिन काढायचा कारखाना नव्हता. बोंडं युरोपातल्या कारखान्यांना विकावी लागत आणि साठा गोदामांत पडून राही. अफ्योन प्रांतातल्या बोल्वादिनचा सरकारी कारखाना १९८१ मध्ये सुरू झाला. वर्षाला २०,००० टन बोंडं हाताळण्याची त्याची क्षमता.

त्याच वर्षी अमेरिकेने एक नियम केला, ज्याच्याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं. मादक औषधांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाच्या आयातीपैकी किमान ८० टक्के भारत आणि तुर्कस्तान या दोन पारंपरिक उत्पादकांकडून घ्यायचा; उरलेल्या २० टक्क्यांत बाकीचे ठरावीक देश. १९७९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचे ठरावही याच दिशेने होते. दहा वर्षांपूर्वी 'पेरू नका' म्हणून पैसे देऊ करणारा देश आता 'तुमचंच घेऊ' अशी लेखी हमी देत होता. साडेतीन कोटी डॉलर एकदा खर्च होऊन संपतात; बाजारातला वाटा दर हंगामाला मिळतो. भारताला यात पुढे अडचण जाणवली, कारण चीक काढायची पद्धत त्याने सोडली नाही आणि ऑस्ट्रेलियासारखे यंत्रांनी कापणी करणारे देश स्वस्तात माल देऊ लागले. तो वेगळा विषय आहे.

हेरॉइन कुठे गेलं

अमेरिकेत पोचायचं ते पोचतच राहिलं. तुर्की-फ्रेंच पांढरा माल आटला तशी मेक्सिकोच्या तपकिरी हेरॉइनने जागा घेतली. १९७५ पर्यंत अमेरिकी बाजारात त्याचं वर्चस्व होतं. मग मेक्सिकोत विमानांतून फवारणी झाली. तोवर आग्नेय आशियाचा माल येऊ लागला, आणि १९७९ नंतर इराणमधली क्रांती, अफगाणिस्तानातलं युद्ध यांच्या धुमाळीत अफगाण-पाकिस्तान सीमेवरचा. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात.

खुद्द तुर्कस्तानही सुटला नाही. शेतातली गळती थांबली, पण पूर्वेकडून येणाऱ्या अफगाण मालाचा बाल्कन देशांमार्गे युरोपला जाणारा रस्ता त्याच देशातून गेला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारात हेरॉइन बनवायला लागणाऱ्या अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडसारख्या रसायनांवर नियंत्रण आलं ते याच अनुभवातून. २००० मध्ये अंकारात अमली पदार्थ आणि संघटित गुन्हेगारीविरोधी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. एकेकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला देश आसपासच्या देशांच्या पोलिसांना शिकवू लागला.

म्हणून हे प्रकरण यशस्वी म्हणायचं की नाही, हे मोजपट्टी कोणती त्यावर आहे. न्यूयॉर्कच्या गल्लीतून पाहिलं तर दोन वर्षांची उसंत, बस. अफ्योनच्या शेतातून पाहिलं तर एका अख्ख्या प्रदेशाचं पीक काळ्या बाजारातून बाहेर निघालं आणि एकाही शेतकऱ्याला त्यासाठी तुरुंगात घालावं लागलं की नाही, हा प्रश्नच फारसा उरला नाही.

नक्कल का जमली नाही

२००५ नंतर काही वर्षं सेन्लिस कौन्सिल या संस्थेने तुर्कस्तानचं उदाहरण देऊन सुचवलं की अफगाण शेतकऱ्यांनाही परवाने द्यावेत आणि त्यांच्या अफूपासून औषधं बनवावीत. काबूलचं सरकार, अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय यांनी ते फेटाळलं. कल्पना मनाला पटणारी होती, पण तुर्कस्तानात ज्या गोष्टी आधीपासून उभ्या होत्या त्यांतली एकही हेल्मंडमध्ये, म्हणजे अफूसाठी ओळखल्या जाणाऱ्या अफगाण प्रांतात, नव्हती: प्रत्येक तालुक्यात खरेदी केंद्र असलेली जुनी सरकारी संस्था, शेतात जाऊन बोंड फिरवून पाहू शकणारा अधिकारी, आणि ठरल्या भावाने पैसे देणारं सरकार. शिवाय कायदेशीर औषधाच्या बाजारातला वाटा आधीच वाटून झालेला.

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टरवर असलेली लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आली. त्याच वर्षी म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. अफगाण शेतकऱ्याने खसखशीऐवजी बहुतांशी गहू पेरला, ज्यातून मिळणारं उत्पन्न अफूच्या पासंगालाही पुरत नाही. त्याला तेल, पेंड, सरपण परत देणारा नियम अजून कोणी मांडलेला नाही.

तुर्कस्तानात आज १३ प्रांतांत हे पीक घेता येतं, एकूण ७०,००० हेक्टरच्या मर्यादेत. बोंडं अजूनही त्याच जुन्या संस्थेकडे जातात.